सिंह कोणाचा?

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात झिंबाब्वे नावाचा देश आहे. त्याच्या पश्चिम सीमेलगत ह्वांगे हे राष्ट्रीय उद्यान सुमारे १४,६०० चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेले आहे. कालाहारी वाळवंटाची वाळू येथवर येऊन पोचली आहे आणि बारमाही वाहणारी नदी येथे नाही. १९२८ साली हा प्रदेश वन्य पशूंसाठी राखून ठेवण्यात आला. पुढे ठिकठिकाणी विंधणविहिरी खणून व पंपांनी पाणी उपसून पाणवठे निर्माण करावे लागले. आजही कडक उन्हाळ्यात ह्या पंपांची घरघर थांबली, तर हत्तींचे कळप तडफडू लागतात. पाण्यासाठी हत्ती, रानम्हशी व झेब्रे येतात आणि त्यांच्या मागोमाग सिंह येतात.

२०१५ साली ह्या उद्यानातील काळ्या आयाळीचा एक सिंह पर्यटकांच्या विशेष परिचयाचा झाला होता. त्याचे वय बारा-तेरा वर्षांचे होते. मोटारी जवळ आल्या तरी तो बुजत नसे, त्यामुळे त्याची छायाचित्रे विपुल निघत. त्याचे नाव सेसिल. ब्रिटिश साम्राज्याचा विस्तारक सेसिल ऱ्होड्स ह्याच्यावरून ते ठेवले गेले, असे सांगतात. ह्याच ऱ्होड्सच्या नावावरून स्वातंत्र्यापूर्वी, म्हणजे १९८० पूर्वी, ह्या देशास ऱ्होडेशिया म्हणत असत. ज्या नावास देशाने नकाशावरून पुसून टाकले, ते तेथील वनराजाने वागवावे, हा योगायोग चमत्कारिक खरा. त्याच्या गळ्यात एक रेडिओ कॉलरही होती. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या वन्यजीव-संशोधन विभागाने १९९९ पासून ह्वांगेच्या सिंहांचा अभ्यास चालविला आहे. त्यासाठी गळ्यात घातलेले हे यंत्र उपग्रहाच्या साहाय्याने सिंहाचा ठावठिकाणा दर काही तासांनी कळवीत असे.

१ जुलै २०१५ च्या रात्री उद्यानाच्या सीमेबाहेरील एका खाजगी जमिनीवर, आमिषाजवळ आलेल्या ह्या सिंहास अमेरिकेतून शिकारीसाठी आलेल्या एका दंतवैद्याने बाणाने जखमी केले. दुसऱ्या दिवशी त्यास ठार करण्यात आले. जखमी सिंह चाळीस तास तडफडत होता, असे प्रथम जगभर छापून आले. त्याचा माग ठेवणाऱ्या संशोधकांनी पुढे कॉलरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हा काळ दहा ते बारा तासांचा असावा, असे त्यांस आढळले. कातडे व मस्तक काढून घेण्यात आले. ह्या सहलीसाठी सुमारे पन्नास हजार डॉलर मोजले गेले, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले.

परदेशी शिकाऱ्याने आफ्रिकेत सिंह मारावा, ह्यात तोवर बातमी होण्याजोगे काही नव्हते. असे सिंह तेथे दरवर्षी शेकड्यांनी मरत असत. परंतु ह्या सिंहास नाव होते, चेहरा होता आणि हजारो लोकांच्या घरी त्याची छायाचित्रे होती. जुलैच्या अखेरीस ही वार्ता फुटली आणि पाहता पाहता तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात त्या दंतवैद्याच्या दवाखान्यापुढे निदर्शकांची गर्दी झाली. दारात खेळण्यातले सिंह आणि फुले ह्यांचा ढीग साचला. दवाखाना काही आठवडे बंद ठेवावा लागला. त्यास ठार मारण्याच्या धमक्या आल्या. एका प्राण्याच्या हत्येने विव्हल झालेल्या मनांना माणसाच्या हत्येची भाषा इतकी सहज सुचावी, ही गोष्ट त्या वेळी फारच थोड्यांना खटकली. १ ऑगस्टच्या रात्री न्यूयॉर्कच्या एंपायर स्टेट इमारतीवर सेसिलची प्रकाशप्रतिमा झळकली. सिंह, हत्ती, गेंडा इत्यादी प्राण्यांचे शिकारीतील अवशेष आपल्या विमानांतून वाहून न नेण्याचे काही मोठ्या अमेरिकन विमान-कंपन्यांनी जाहीर केले. ऑक्सफर्डच्या संशोधन विभागाकडे दहा लाख डॉलरांहून अधिक देणग्या जमा झाल्या.

इकडे झिंबाब्वेच्या राजधानीत, हरारे येथे, वार्ताहरांनी तत्कालीन प्रभारी माहितीमंत्र्यांस ह्याविषयी विचारले. तेव्हा ‘कोणता सिंह?’ असा उलट प्रश्न त्यांनी केला.

हे उत्तर हास्यास्पद ठरविण्यात आले. वस्तुतः त्यात बराच अर्थ भरलेला आहे.

मानचिन्हाची शिकार

जी शिकार अन्नासाठी वा संरक्षणासाठी नसून शिंगे, सुळे, कातडे किंवा मस्तक घरी नेऊन भिंतीवर लावण्यासाठी केली जाते, तीस इंग्रजीत ‘ट्रॉफी हंटिंग’ म्हणतात. मराठीत तीस ‘मानचिन्हाची शिकार’ म्हणता येईल. हिचा जो साज आज आफ्रिकेत दिसतो, तो युरोपीय वसाहतींच्या काळात घडला. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत ‘सफारी’ म्हणजे प्रवास; आपल्या ‘सफर’ ह्या शब्दाचे आणि त्याचे मूळ एकच अरबी आहे. परंतु वसाहतवाल्यांच्या तोंडी ह्या साध्या शब्दास तंबू, भारवाहक व बंदुका येऊन चिकटल्या. त्याच काळात नवे कायदे आले. परवाना काढून रायफलीने हत्ती मारणारा गोरा मनुष्य ‘क्रीडाप्रेमी’ ठरला आणि पिढ्यान्पिढ्या जाळे वा बाण वापरून हरिण मारणारा तेथला रहिवासी ‘चोरटा शिकारी’ ठरला. ह्वांगेचा प्रदेश राखीव झाला, तेव्हा तेथे राहणाऱ्या सान लोकांस त्यांच्या मूळ भूमीतून बाहेर जावे लागले. उद्यानास ज्याच्यावरून नाव मिळाले तो ह्वांगे हा तेथील नांब्या लोकांचा प्रमुख होता. म्हणजे नाव राहिले, माणसे गेली.

ही स्मृती तेथे अद्याप बुजलेली नाही. वन्य पशूंचे संरक्षण हे परक्यांनी परक्यांसाठी केलेले काम आहे आणि त्याची किंमत आपण भरतो, ही भावना आफ्रिकेच्या खेड्यांतून वारंवार प्रकट होते. मंत्रिणीबाईंच्या त्या प्रश्नामागे हीच भावना होती, असे मानण्यास हरकत नाही. ऑगस्ट महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अमेरिकेत शिकत असलेल्या एका झिंबाब्वेच्या संशोधक विद्यार्थ्याचा लेख छापला. त्याच्या लहानपणी त्याच्या गावाभोवती एक सिंह फिरू लागला, तेव्हा मुलांनी एकेकटे शाळेत जाणे बंद केले, खेळणे बंद केले, संध्याकाळनंतर बाहेर पडणे बंद केले. अखेर तो सिंह मारला गेल्याची वार्ता आली, तेव्हा गाव नाचू लागला. तो कोणी व कोणत्या शस्त्राने मारला, हे कोणी विचारले नाही. सिंहासाठी अश्रू ढाळणारे अमेरिकन लोक आफ्रिकेतील माणसांच्या मृत्यूने इतके का हेलावत नाहीत, असे त्याने विचारले होते.

तथापि, त्यावरून झिंबाब्वेच्या लोकांना सिंहाविषयी केवळ भय किंवा द्वेष वाटतो, असे समजणे चुकीचे होईल. तेथील बहुसंख्य शोना लोकांत प्रत्येक कुळाचे एक ‘मुटुपो’, म्हणजे कुलचिन्ह, असते. आपल्याकडील देवक ह्या कल्पनेशी त्याचे बरेच साम्य आहे. आपल्या कुलचिन्हाचा प्राणी खाणे निषिद्ध मानतात आणि एकाच कुलचिन्हाच्या वधूवरांचा विवाह वर्ज्य समजतात. ‘शुंबा’, म्हणजे सिंह, हे त्यांतील एक मोठे कुलचिन्ह होय. त्याहूनही उद्बोधक शब्द ‘म्होंदोरो’ हा आहे. त्याचा मूळ अर्थ सिंह असा असून मृत राजांचे व पूर्वजांचे जे आत्मे देशाचे रक्षण करतात आणि पाऊस पाडतात, त्यांनाही म्होंदोरोच म्हणतात. अशा माणसाच्या दृष्टीने सिंह हा पूर्वज असू शकतो, कुळाचा मान असू शकतो आणि गाय मारणारा शत्रूही असू शकतो. जे त्याच्या कल्पनेत बसत नाही ते एवढेच, की सिंहास एखाद्या घरगुती प्राण्याप्रमाणे नाव असावे आणि त्याच्या मरणाने दूरदेशीच्या लोकांनी सुतक धरावे.

भारतीय वाचकास हा दुहेरी भाव नवा नाही. सह्याद्रीच्या उत्तर भागात वारली, महादेव कोळी आदी समाज ‘वाघोबा’ची पूजा करतात. शेंदूर फासलेल्या दगडावर किंवा लाकडी फळीवर वाघाची आकृती कोरलेली असते आणि वाघबारशीच्या दिवशी तिला नैवेद्य दाखवितात. गुराढोरांवर व माणसांवर कृपादृष्टी ठेव, एवढेच मागणे असते. वाघ नाहीसा व्हावा, असे कोणी मागत नाही. परंतु यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव भागात २०१६ ते २०१८ ह्या काळात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका एका वाघिणीवर ठेवण्यात आला, तेव्हा ह्याच महाराष्ट्रात दोन परस्परविरोधी स्वर उमटले. वनखात्याच्या नोंदीत ती ‘टी-१’ होती. शहरांतील तिच्या पाठीराख्यांनी तिला ‘अवनी’ म्हटले. तिला वाचविण्यासाठी मोठ्या शहरांतून मोर्चे निघाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळी लागून मेली. तिच्यामागे दोन बछडे होते. ज्या पद्धतीने ती मारली गेली, तिच्याविषयी गंभीर शंका घेण्यात आल्या आणि त्या अस्थानी नव्हत्या. पण त्याच वेळी परिसरातील गावांत फटाके वाजले व मिठाई वाटली गेली. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात एकटे जाण्याची सोय ज्यांना उरली नव्हती, त्यांच्या त्या आनंदास क्रूर म्हणणे शहरात सोपे होते.

प्राणिशास्त्र काय सांगते

भावनेचा भाग बाजूस ठेवून एका सिंहाच्या मरणाने नेमके काय घडते, हे पाहणे येथे अवश्य आहे. कारण सिंहाची समाजरचना इतर मार्जारांहून निराळी आहे.

सिंहिणी परस्परांच्या नात्यातल्या असतात आणि पिल्लांसह कळप करून राहतात. नर मात्र बाहेरून येतात. दोन किंवा अधिक नरांची टोळी एखादा कळप ताब्यात घेते आणि दोन-चार वर्षे, म्हणजे दुसरी बलिष्ठ टोळी येईपर्यंत, तो राखते. नवे नर आले की आधीच्या नरांपासून झालेल्या लहान छाव्यांना ते बहुधा मारून टाकतात. छावे असेतोवर सिंहीण पुन्हा माजावर येत नाही. ते नाहीसे झाले की लवकरच येते. म्हणजे ह्या कृतीने नव्या नराच्या वंशाचा मार्ग मोकळा होतो. हा प्रकार सिंहांपुरताच नाही. धारवाडच्या परिसरातील वानरांमध्ये असेच घडते, हे जपानी शास्त्रज्ञ सुगियामा ह्यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत प्रथम नोंदविले आणि प्राणिशास्त्रज्ञ चकित झाले. तात्पर्य, शिकाऱ्याने एक आयाळदार नर मारला, तर हिशेबात एकच सिंह कमी झाला असे दिसते. परंतु त्याच्या पाठोपाठ एक संबंध पिढी नाहीशी होण्याचा संभव असतो.

ह्वांगेच्या संशोधकांस आणखी एक गोष्ट दिसली. १९९९ ते २००४ ह्या काळात त्यांनी ६२ सिंहांवर खुणेची साधने बसविली. अभ्यास चालू असता त्यांतील ३४ सिंह मेले आणि त्यांपैकी २४ शिकाऱ्यांच्या हातून मेले. खुणा केलेल्या प्रौढ नरांपैकी तर शेकडा ७२ नर उद्यानाभोवतीच्या शिकारक्षेत्रांत मारले गेले. उद्यानात शिकारीस बंदी असताना हे कसे घडावे? सीमेजवळचा नर मारला की त्याचे क्षेत्र रिकामे पडते. ते व्यापण्यासाठी आतील नर सीमेकडे सरकतो, आणि त्याची पाळी येते. भांड्यास खाली छिद्र असावे आणि पाणी मात्र मधून कमी होत जाताना दिसावे, तसा हा प्रकार होय. हे निष्कर्ष पुढे येताच झिंबाब्वे सरकारने २००५ ते २००८ पर्यंत त्या भागातील सिंहाची शिकार थांबविली आणि नंतर परवान्यांची संख्या फार कमी ठेवली. प्रौढ नरांची संख्या पुन्हा वाढली. हे सारे सेसिलच्या मृत्यूपूर्वीचे आहे आणि कोठेही मोर्चा न निघता घडलेले आहे.

मग सिंहाची शिकार मुळातच अशास्त्रीय ठरते काय? २००४ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात टांझानियातील सिंहांविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. सहा वर्षांहून लहान नर मारला नाही, तर त्याचे छावे स्वतंत्र होण्याइतके वाढलेले असतात आणि शिकारीमुळे एकूण संख्येस धक्का लागत नाही, असे त्यात गणिताने दाखविले होते. लांबून वय ओळखावे कसे, ह्याचेही उत्तर दिले होते. सिंहाचे नाक बालपणी गुलाबी असते आणि वयाबरोबर त्यावर काळे ठिपके पसरत जातात. नाकाचा अर्ध्याहून अधिक भाग काळा झाला असेल, तर सिंह बहुधा प्रौढ वयाचा असतो. आता ही कसोटी सेसिलला लावली, तर तो सहाच्या दुप्पट वयाचा होता. ज्याच्यासाठी जग रडले, तो वयाच्या नियमाने पाहता शिकारीस सर्वांत योग्य सिंह होता! मात्र नियम एवढाच नव्हता. त्या जमिनीवर त्या वर्षी सिंह मारण्याची अनुज्ञाच नव्हती, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. शिवाय त्याच्या कळपात छावे होते. सुदैवाने जेरिको नावाचा त्याचा जोडीदार नर मागे उरला होता. त्याने कळप राखला आणि छाव्यांचा जेवढा संहार होईल अशी भीती होती, तेवढा झाला नाही.

एक गोष्ट मात्र येथे स्पष्ट केली पाहिजे. आफ्रिकेत आज वीस ते पंचवीस हजारांच्या घरात सिंह उरले असावेत. ही घट मुख्यतः शिकाऱ्यांमुळे झालेली नाही. रानांची शेते झाली. मांसासाठी लावलेल्या तारेच्या फाशांनी हरणे संपविली आणि त्यांच्यासाठी मांडलेल्या फाशांत सिंहही अडकले. गाय मारली म्हणून चिडलेल्या गुराख्याने तिच्याच मांसात विष कालविले. ह्या मृत्यूंची छायाचित्रे कोणी पाहिली नाहीत आणि त्या सिंहांना नावे नव्हती.

पैशाचा हिशेब

जो पशू शेत तुडवितो वा गाय नेतो, तो गावकऱ्याने का सहन करावा? ह्या प्रश्नाचे एक धीट उत्तर झिंबाब्वेनेच दिले होते. १९७५ च्या कायद्याने तेथील खाजगी जमीनमालकांस आपल्या जमिनीवरील वन्य पशूंचा उपयोग करण्याचा अधिकार मिळाला होता. त्या काळी हे मालक बहुतेक गोरे होते. स्वातंत्र्यानंतर १९८२ साली हा अधिकार सामुदायिक जमिनींनाही लागू करण्याची तरतूद झाली आणि १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस न्यामिन्यामी व गुरुवे ह्या जिल्ह्यांपासून एक योजना सुरू झाली. तिच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘कँपफायर’ म्हणतात. परवान्यांचे पैसे जिल्हा परिषदेमार्फत गावांना मिळू लागले आणि त्यांतून शाळांच्या खोल्या, दवाखाने, पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. ह्या उत्पन्नाचा फार मोठा भाग परदेशी शिकाऱ्यांकडून, विशेषतः हत्तीच्या शिकारीतून, येत होता. काल ज्या हत्तीने मका खाल्ला, त्याच्यापासून उद्या गिरणी मिळेल, ही कल्पना कोणास आवडो वा न आवडो, तिच्यात तर्क होता.

व्यवहारात तिला गळती लागली. जिल्हा परिषदांनी पैशाचा मोठा वाटा आपल्याकडेच ठेवला. २००० नंतर देशाची अर्थव्यवस्था ढासळली. कित्येक कुटुंबांच्या हाती नाममात्र रक्कम पडू लागली. त्यातच झिंबाब्वेतील हत्तींचे अवशेष आयात करण्यास अमेरिकेने एप्रिल २०१४ मध्ये मनाई केली आणि उत्पन्न आणखी घटले. वॉशिंग्टनमध्ये काढलेल्या एका आदेशाने झांबेझी नदीच्या काठच्या खेड्यातील शाळेचा निधी आटावा आणि त्या खेड्याचे मत कोणी विचारू नये, ही व्यवस्था न्याय्य म्हणता येणार नाही, मग आदेशामागील हेतू कितीही शुद्ध असो.

शिकारबंदीचे अनुभवही एकसारखे नाहीत. केनियाने १९७७ साली हौशी शिकार पूर्णपणे बंद केली. तेथे छायाचित्रकार पर्यटकांचा धंदा भरभराटीस आला. तरीही १९७७ ते २०१६ ह्या काळात तेथील कुरणांतील वन्य पशूंची संख्या सरासरीने शेकडा ६८ ने घटल्याचे एका अभ्यासात आढळले. बंदीमुळे ही घट झाली, असे मानणे सोपे असले तरी बरोबर नव्हे. लोकसंख्या, गुरे, कुंपणे व अवर्षणे ह्यांचा त्यात मोठा वाटा आहे. एवढेच म्हणता येईल, की बंदीने ती थांबविली नाही. बोट्स्वानाने २०१४ मध्ये शिकार बंद केली आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली. त्या देशात सुमारे १,३०,००० हत्ती आहेत. शिकारीतील अवशेषांच्या आयातीवर जर्मनी अधिक निर्बंध घालू पाहत आहे, असे दिसताच २०२४ साली बोट्स्वानाचे तत्कालीन अध्यक्ष मासिसी ह्यांनी वीस हजार हत्ती जर्मनीस भेट देण्याची भाषा केली. हत्तींबरोबर राहून पाहा, असे त्यांचे जर्मन लोकांस सांगणे होते.

शिकारीच्या बाजूने जमिनीचा मुद्दा सर्वांत भक्कम आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस सुमारे १४ लाख चौरस किलोमीटर भूमी शिकारीसाठी राखलेली आहे आणि तेथील सर्व राष्ट्रीय उद्यानांच्या क्षेत्रफळाहून ती अधिक आहे, असे २००७ मधील एका पाहणीत आढळले. तीत अशी पुष्कळ राने आहेत, की जेथे रस्ता नाही, माश्यांचा उपद्रव आहे आणि कॅमेरा घेऊन कोणी पर्यटक फिरकत नाही. शिकार बंद पडल्यावर ती राने रानेच राहतील, ह्याची हमी कोणी देत नाही. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे, की ह्या पैशातील गावापर्यंत पोचणारा अंश तुटपुंजा असतो, आणि मारण्याच्या आनंदासाठी जीव घेणे हे कोणत्याही हिशेबाने शुद्ध होत नाही. ह्यातील पहिला आक्षेप मोजून पाहता येतो आणि कित्येक ठिकाणी तो खरा ठरला आहे. दुसरा मोजता येत नाही. तो ज्याच्या त्याच्या धर्मबुद्धीचा प्रश्न आहे.

भारताने हा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निकालात काढला. तत्पूर्वी येथेही शिकार-कंपन्या परदेशी पाहुण्यांस वाघ मिळवून देत असत. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. गीरचा सिंह तर जुनागढच्या नवाबांनी संरक्षण दिले म्हणूनच वाचला. १९०० साली व्हाइसरॉय कर्झन ह्यांनी जुनागढ येथील आपली नियोजित सिंहाची शिकार रद्द केली होती. २०२५ च्या गणनेत गीर व भोवतालच्या प्रदेशात ८९१ सिंह आढळले. ह्यांतील पुष्कळसे सिंह अरण्याबाहेर, शेताशिवारांत राहतात. त्यांना तेथे राहू देणारे मालधारी व शेतकरी नुकसानभरपाईचे अर्ज भरीत असतात, ही गोष्ट ह्या आकड्याबरोबर क्वचितच छापली जाते.

कॉलरचा दुसरा उपयोग

सेसिलच्या प्रकरणी कायद्याचा शेवट विशेष नेत्रदीपक झाला नाही. दंतवैद्याची कागदपत्रे नियमानुसार होती, असे सांगून झिंबाब्वेने ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याच्यावर खटला न भरण्याचे ठरविले. शिकारीची व्यवस्था पाहणाऱ्या स्थानिक व्यावसायिकावरील आरोप न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द केला. बाहेरच्या जगात मात्र परिणाम झाले. फ्रान्सने सिंहाच्या अवशेषांची आयात थांबविली आणि अमेरिकेने २०१५ च्या डिसेंबरात सिंहाचा समावेश संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्यात केला. जुलै २०१७ मध्ये सेसिलचा पुत्र झांडा हाही उद्यानाच्या सीमेबाहेर मारला गेला. तो सहा वर्षांचा होता, त्याच्याही गळ्यात कॉलर होती आणि ही शिकार कायदेशीर होती. ह्या वेळी निषेधाचे सूर निघाले, पण एंपायर स्टेट इमारतीवर कोणाचे चित्र झळकले नाही.

ह्वांगेच्या सीमेवरील खेड्यांत ह्या साऱ्या काळात दुसरे एक काम चालू होते. ऑक्सफर्डच्या त्याच विभागाने गावांतील माणसांना ‘लाँग शील्ड्स’, म्हणजे ‘लांब ढाली’, ह्या नावाने सिंहरक्षक म्हणून नेमले आहे. ह्या कल्पनेचा उगम केनियात आहे. तेथे २००७ पासून, एके काळी भाला घेऊन सिंह मारण्यात पराक्रम मानणाऱ्या मसाई तरुणांनाच सिंहांचा माग काढण्याच्या कामी लावले गेले, आणि ते आपल्या क्षेत्रातील सिंहांना मसाई भाषेत नावे ठेवू लागले. ह्वांगेजवळ पद्धत अशी आहे : कॉलर घातलेला सिंह सीमा ओलांडून गावाच्या दिशेस निघाला की संशोधकांस त्याची जागा कळते. ते रक्षकास दूरध्वनीवर संदेश पाठवितात. रक्षक सायकलीवरून फिरून लोकांस गुरे आत घ्यावयास सांगतो. नंतर तो व त्याचे सोबती फुटबॉलच्या सामन्यांत वाजवितात ती ‘वुवुझेला’ नावाची लांब पिपाणी घेऊन सिंहाकडे जातात आणि तिच्या कर्कश नादाने त्यास पुन्हा उद्यानाकडे हाकलतात.

रात्री गुरे ठेवण्यासाठी जाड, अपारदर्शक कापडाचे फिरते गोठे दिले आहेत. आतील गाय दिसत नसल्याने सिंह सहसा झडप घालीत नाही. हे गोठे दर काही दिवसांनी एका शेतातून दुसऱ्या शेतात हलवितात, त्यामुळे जमिनीस शेणखत मिळते आणि मका जोमाने येतो. आपल्याकडे धनगरांकडून शेतात मेंढ्या बसवून घेतात, तोच हा प्रकार. गोठा आपल्या शेतात आधी यावा म्हणून आता गावकरी आपसांत पाळ्या लावतात.